टोचलेले आणि न टोचलेले

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथकडून रोज लोकलने परळला जाणाऱ्या माणसांना हाफकिन हे नाव पाटीवर वाचून ठाऊक असते. केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या जवळ आचार्य दोंदे मार्गावर ते जुने आवार आहे आणि त्यात एकेकाळचे गव्हर्नरचे निवासस्थान. सर्पदंशावरच्या औषधामुळे आणि पोलिओच्या डोसांमुळे ते नाव घरोघरी पोहोचले. नावामागचा माणूस मात्र आपल्याकडे एका ओळीत संपतो : प्लेगची लस शोधणारा. त्या एका ओळीने वाल्डेमार हाफकिन यांच्यावर अन्याय होतो, असे मला फार वर्षे वाटत आले आहे.

प्रस्तुत पुस्तकाच्या लेखिका माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्या. पुस्तकाचा आराखडा घेऊन त्या विठ्ठलवाडीला घरी आल्या, तेव्हा त्यात चरित्र कमी आणि कोष्टके जास्त होती. प्रकाशकाला हे रुचणार नाही, चरित्र वाढवा, असे त्यांना दोघातिघांनी सांगितले होते. मी त्यांना कोष्टके तशीच ठेवायला सांगितले. हाफकिन यांनी बनवलेली लस आज कोणी वापरत नाही. प्लेग झालाच तर स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके हाताशी आहेत. पण ती लस चालते की नाही हे ठरवण्यासाठी त्यांनी जी मांडणी केली, ती सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाहेर पडून संख्याशास्त्रात गेली, साथरोगशास्त्रात गेली, औषध कारखान्यांच्या शिस्तीत गेली, आणि आज कुठल्याही नव्या गोळीला बाजारात येण्यापूर्वी तिच्यातून जावे लागते. टोचलेल्यांत किती आजारी पडले आणि न टोचलेल्यांत किती, हे दोन रकाने ही त्यांची खरी कमाई आहे. ती समजून घ्यायची तर कोष्टकांपाशी थांबायलाच हवे.

हाफकिन डॉक्टर नव्हते. १८६० साली ओडेसात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तिथल्या विद्यापीठात ते मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले आणि सुरुवातीचे त्यांचे संशोधन एकपेशीय जीवांवर आहे. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ओढले गेल्याने पोलिसांचा ससेमिरा लागला. ज्यूंवरच्या हल्ल्यांत प्रतिकार करताना ते जखमीही झाले. पुढे जिनिव्हा आणि १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयात. हा तपशील मी मुद्दाम नोंदवतो, कारण वैद्यकाची पदवी नसलेला प्राणिशास्त्रज्ञ माणसांच्या दंडात सुई घालतो आहे, ही गोष्ट ब्रिटिश वैद्यकीय सेवेतल्या अनेकांना शेवटपर्यंत सलत राहिली. हीच उणीव त्यांच्या पथ्यावरही पडली असे मला वाटते. वैद्याच्या डोळ्यांपुढे समोरचा रोगी असतो. एका थेंबातल्या असंख्य जीवांकडे पाहून तयार झालेली हाफकिन यांची नजर पहिल्यापासून समूहावर होती.

१८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलैला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी सिम्पसन यांच्या मदतीने १८९४ मध्ये त्यांनी तिथल्या बस्त्यांमध्ये काम केले. कट्टल बागान या वस्तीतली नोंद पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे. वस्ती सुमारे दोनशे माणसांची, त्यांतील ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर वस्तीत पटकीचे जे रुग्ण झाले, ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. एकाच तळ्याचे पाणी पिणारी, एकाच छपराखाली राहणारी माणसे; फरक फक्त सुईचा. इतकी स्वच्छ तुलना प्रयोगशाळेत गिनीपिगवर करता येते. माणसांच्या वस्तीत, साथीच्या धामधुमीत ती करण्याची कल्पना त्या काळी नवी होती.

मुंबईचा प्लेग हा या पुस्तकाचा गाभा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या तापाचे निदान मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी केले. हा गाठीचा प्लेग आहे असे त्यांनी उघडपणे सांगितले, तेव्हा ते ऐकायला कोणी फारसे उत्सुक नव्हते. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक बोळ मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन पट्टेवाले. तिथे तीन महिन्यांत लस तयार झाली.

ती कशी, हे लेखिकेने फार सुंदर समजावले आहे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. तूप तरंगते, जंतू त्याला खालून धरतात आणि वडाच्या पारंब्यांसारखे रसात लोंबत वाढतात. बाटली हलवली की त्या पारंब्या तुटून तळाशी जातात आणि तुपाखाली नव्या धरू लागतात. पुरेशी वाढ झाली की उष्णतेने जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचे. पुढे गाय आणि डुक्कर टाळून बकऱ्याचे मांस वापरले गेले, कारण लस ज्यांना टोचायची त्यांचा धर्म ही प्रयोगशाळेबाहेरची बाब आहे असे मानून चालणार नव्हते. मुंबईच्या बाजारातले तूप जंतुशास्त्राच्या इतिहासात असे जाऊन बसले. माध्यम म्हणजे पेप्टोन आणि अगार एवढेच पाठ करून आलेल्या मुलांना मी हे सांगत असे, तेव्हा वर्गातली शेवटची रांगही मान वर करून ऐकत असे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना महिनाअखेरीस लस टोचली गेली. टोचलेले सुमारे दीडशे, न टोचलेले त्याहून थोडे अधिक. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. सगळ्यांचे अन्न एक, कोठड्या त्याच, दिनक्रम तोच.

या आकड्यांवर मी वर्गात दरवर्षी एक पूर्ण तास घालवीत असे. स्वतःहून पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी खरोखर सारखे असतात का? टोचल्यानंतर काही तासांतच ज्यांना प्लेगची लक्षणे दिसली, त्यांना कोणत्या रकान्यात टाकायचे? तुरुंगातल्या माणसाची संमती ही कितपत संमती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला कधीच समाधानकारक देता आले नाही, आणि लेखिकेनेही ते ओढूनताणून दिलेले नाही हे मला आवडले.

आपल्या भागाचा या कथेशी जवळचा संबंध आहे, आणि इथल्या मुलांना तो सांगितला जात नाही म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विठ्ठलवाडीपासून एका स्थानकावर असलेले कल्याण तेव्हाही जीआयपी रेल्वेचे मोठे जंक्शन होते. पुण्याकडे आणि नाशिककडे जाणारे दोन्ही फाटे इथूनच फुटतात. मुंबई सोडून हजारो माणसे गावाकडे पळू लागली, तेव्हा त्यांना अडवून तपासण्याचे कल्याण हे एक मुख्य ठिकाण झाले. गाडीतून उतरवायचे, काखा-जांघा चाचपायच्या, अंग तापलेले वाटले तर बाजूला काढायचे. फेब्रुवारी १८९७ मध्ये झालेल्या साथरोग कायद्याने सरकारला यासाठी जवळजवळ अमर्याद अधिकार दिले होते. बायकांची तपासणी, घरात घुसून सामान बाहेर फेकणे, माणसांना छावणीत नेणे यांतून जो संताप साठला, त्याचा शेवट पुण्यात जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. त्याच पुण्यात, त्याच वर्षी १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आपल्या आठवणीतला प्लेग या दोन घटनांचा असतो. त्या दोहोंच्या मधल्या काळात मुंबईत एक माणूस कोणालाही जबरदस्ती न करता, येईल त्याला टोचत आणि नोंद ठेवत बसला होता. सक्तीच्या सगळ्या खटाटोपाने साथ थांबली नाही. लोकांचा या लसीवर जो काही विश्वास बसला, तो ती ऐच्छिक होती आणि ओळखीची माणसे आधी टोचून घेत होती म्हणून बसला. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली, आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि त्या समाजातली हजारो माणसे पुढे आली.

खेड्यांतल्या लोकांचे स्वतःचेही एक शास्त्र होते. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचे. उंदीर आणि प्लेग यांचा धागा त्यांच्या हाती होता. मधली पिसू कोणाला दिसलेली नव्हती. तिच्याकडे पुढे वळतो.

आकड्यांचा कळस उंधेऱ्याला झाला. बडोदा संस्थानातले हे गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन तिथे गेले आणि प्रत्येक कुटुंबातली साधारण निम्मी माणसे त्यांनी टोचली, निम्मी तशीच ठेवली. ज्या घरांत नंतर प्लेग आला, त्या घरांतल्या टोचलेल्यांपैकी ३ माणसे मेली आणि न टोचलेल्यांपैकी २६. भायखळ्याच्या तुलनेतली मोठी पळवाट इथे बुजली आहे. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच ओटीवर निजणारी माणसे दोन रकान्यांत वाटली गेली होती. शास्त्र म्हणून हा प्रयोग मला थक्क करतो. आणि त्या २६ जणांचे काय, हा प्रश्न मला सोडत नाही. लस चालते याची पुरती खात्री तेव्हा कोणालाच नव्हती, मात्राही मोजक्या होत्या, हे खरे आहे. तरी कोष्टकातला तो आकडा वाचताना प्रत्येक घरातली कोणती दोन भावंडे कोणत्या बाजूला उभी राहिली असतील हे मनात येतेच. आज कुठल्याही चाचणीत नीतिसमितीची संमती, मध्येच निकाल पाहून चाचणी थांबवण्याची सोय, हे सगळे आहे. ते अशाच आकड्यांपुढे अस्वस्थ झालेल्या माणसांनी आणले.

इथून पुढे गोष्ट जंतूंची राहत नाही. भारतात येण्यापूर्वी हाफकिन इंग्लंडमध्ये नेटलीच्या लष्करी वैद्यकीय शाळेत गेले होते. तिथल्या अल्मरॉथ राइट यांनी विषमज्वरावर मृत जंतूंची लस केली, त्यामागे हाफकिन यांच्या कामाची प्रेरणा होती. राइट यांच्या आकड्यांवर संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये जे टिपण लिहिले, ते वेगवेगळ्या ठिकाणचे निकाल एकत्र तोलण्याचा आरंभीचा नमुना मानले जाते. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर आणि पटकी या दोन्ही लसींचे आकडे घेऊन एक दीर्घ निबंध लिहिला. त्यांनी घातलेल्या अटी आज बाळबोध वाटतील : दोन्ही गटांतली माणसे सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखी हवीत, रोगाशी गाठ पडण्याची शक्यता दोघांना सारखी हवी, आणि कोणाला टोचले आहे यावरून आजाराचे निदान ठरता कामा नये. कट्टल बागान, भायखळा, उंधेरे या तिन्ही ठिकाणी हाफकिन याच अटींकडे चाचपडत निघाले होते. त्या त्यांना पूर्णपणे पाळता आल्या नाहीत. पण आपल्या नोंदी त्यांनी अशा ठेवल्या की कुठे कमी पडले ते इतरांना दाखवता यावे. ग्रीनवुड यांच्या तालमीत तयार झालेल्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९४० च्या दशकात क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची यादृच्छिक चाचणी आखली. कलकत्त्याच्या बस्तीपासून तिथपर्यंतची वाट सलग दाखवणे हे या पुस्तकाचे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम आहे. मराठीत ती एवढ्या तपशिलाने मांडलेली मी याआधी वाचली नव्हती.

मुल्कोवालचे प्रकरण वाचताना मन जड होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. एकाच बाटलीतून ज्यांना टोचले, ते १९ जण धनुर्वाताने मेले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याचे हाफकिन यांनी थांबवले होते, हे त्यांच्याविरुद्ध गेले. बाटली मुंबईतच दूषित झाली असा निष्कर्ष निघाला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुरावा मात्र वेगळे सांगत होता. बाटली उघडताना वापरलेला चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर तिला दुर्गंधी आली असती; ती उघडणाऱ्याला कसलाही वास आला नव्हता. हा युक्तिवाद शुद्ध सूक्ष्मजीवशास्त्राचा आहे आणि तो मान्य व्हायला पाच वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले, आणि त्यानंतर सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतले, तेही कलकत्त्याला आणि प्रत्यक्ष चाचण्यांपासून दूर ठेवून.

या अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. लेखिका तिथेच थांबत नाहीत. मुल्कोवालनंतर लस बनवण्याच्या कामात काय बदलले ते त्या पाहतात. बाटलीवर क्रमांक असणे, त्या क्रमांकाची लस कुठे गेली हे सांगता येणे, बाटली कोणी आणि कशी उघडली याची नोंद असणे, या गोष्टी औषध कारखान्यात काम करणाऱ्याला आज श्वासाइतक्या सवयीच्या आहेत. अंबरनाथ, डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यांत माझे कितीतरी विद्यार्थी गुणवत्ता तपासणीच्या खात्यांत रात्रपाळी करतात. बॅच क्रमांक लिहिण्याचा त्यांना कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

परळच्या प्रयोगशाळेविषयी थोडे. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते १० ऑगस्ट १८९९ रोजी ती गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानात सुरू झाली, आणि हाफकिन यांना तिथून जावे लागल्यावरही तिथले काम थांबले नाही. पिसवांचा प्रश्न तिथेच सुटला. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होतात हे दाखवले. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने पिंजऱ्यांचे पद्धतशीर प्रयोग केले. पिसवा पोहोचू शकल्या तिथले प्राणी मेले, पोहोचू शकल्या नाहीत तिथले वाचले. पुन्हा तेच दोन रकाने, या वेळी कीटकशास्त्राच्या वहीत. माळावर झोपड्या घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांचे शहाणपण या प्रयोगांनी शास्त्रात आणून बसवले.

पुढे साहिबसिंग सोखी १९३२ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात सल्फा औषधांचा प्लेगवर उपयोग तपासला गेला. त्या कामात वागळे होते, बी. बी. दीक्षित होते. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरचे औषध इथे घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार झाले. मुरबाड, शहापूरच्या भातखाचरांत राबणाऱ्या किती माणसांचे प्राण त्याने वाचवले असतील. सापांचा अभ्यास करणारे पी. जे. देवरस याच संस्थेतले. लसीसाठी उघडलेल्या घरात औषधशास्त्र आणि सर्पविज्ञान अशी नांदू लागली, आणि प्रत्येकाने पहिल्या रहिवाशाकडून नोंदीची सवय घेतली.

आता एक सावधगिरीची सूचना. हाफकिन यांच्या लसीने प्लेग हटवला, असे समजून कोणी हे पुस्तक मिटू नये. मुंबईतून १९२५ पर्यंत दोन कोटी साठ लाखांच्या आसपास मात्रा बाहेर पडल्या, टोचलेल्यांत मृत्यूंचे प्रमाण निम्म्याने आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक घटले. पण भारतात त्या साथीने एक कोटीच्या वर माणसे नेलीच. लशीचे संरक्षण अपुरे होते आणि काही महिन्यांत ओसरत असे. हाफकिन यांनी कधी शंभर टक्के संरक्षणाचा दावा केला नाही. करोनाच्या दिवसांत आमच्या चाळीत, इमारतीत, लोकलच्या डब्यात एकच वाक्य कानावर येई : लस घेतली तरी झालाच की! त्या वाक्याला उत्तर द्यायचे तर दुसरा रकाना विचारावा लागतो. न घेतलेल्यांत किती जणांना झाला, आणि त्यांतले किती गेले? चांगली शिकलेली माणसेही तो विचारत नव्हती, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

१९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले, ते हयात असतानाच. भारत त्यांनी त्याच्या आधी दहा वर्षे सोडला होता. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

वाचकांना एक विनंती. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या प्रकरणातली कोष्टके घाईने ओलांडू नका. कागद-पेन्सिल घ्या, शेवटचा रकाना हाताने झाका आणि टक्केवारी स्वतः काढा. शिक्षकांनी ती कोष्टके वर्गात फळ्यावर उतरवावीत. अकरावीच्या गणितापलीकडचे त्यांत काही नाही.

विठ्ठलवाडी, कल्याण